एका क्रियापदाची उजळणी

इंग्रजीच्या अध्यापनात तीस वर्षे काढली की माणसाच्या अंगी एक प्रकारचा निर्ढावलेपणा येतो. शब्द समोर आला की त्याचा अर्थ, त्याचे सगेसोयरे आणि त्याचे वाक्यातले वर्तन आपोआप ओठांवर येते. जे विचार न करता येते ते आपल्याला ठाऊक आहे, असा आपला समज असतो. हा समज एका अगदी लहानशा क्रियापदाने कसा मोडला, त्याची ही हकीकत आहे. ते क्रियापद म्हणजे 'शर्क'. अर्थ विचाराल तर कर्तव्य टाळणे, कामचुकारपणा करणे. पाठ्यपुस्तकाच्या शेवटच्या शब्दार्थांत एका ओळीत संपणारा हा शब्द मला पुरता कळायला चाळीसहून अधिक वर्षे लागली.

पुण्याजवळ रांजणगावच्या औद्योगिक वसाहतीत कोरियन उद्योगांचे कारखाने आहेत, आणि त्यांच्या निमित्ताने बरीच कोरियन कुटुंबे पुण्यात येऊन राहतात. त्यांतले एक अभियंता २०२३ साली दर रविवारी सकाळी माझ्याकडे इंग्रजी शिकायला येत. वयाने माझ्याच बरोबरीचे, पन्नाशी ओलांडलेले. व्याकरण उत्तम, बोलताना मात्र संकोच. आठवडाभरात अडलेले शब्द ते एका वहीत टिपून आणत आणि प्रत्येक शब्दाखाली स्वतःचे एक वाक्य लिहीत. एका रविवारी त्या यादीत 'अव्हॉइड', 'इव्हेड' आणि 'शर्क' हे तीन शब्द एकाखाली एक होते. यांत फरक काय, असा त्यांचा प्रश्न होता.

मी सवयीने उत्तर दिले. रस्त्यातला खड्डा आपण 'अव्हॉइड' करतो. त्यात दोष तर नाहीच, झाले तर शहाणपणच आहे. कर किंवा अडचणीचा प्रश्न माणूस 'इव्हेड' करतो. त्यात चलाखी आहे. 'शर्क' मात्र फक्त तेच करता येते जे मुळात आपल्या वाट्याचे होते. शेजाऱ्याच्या अंगणातला केर काढला नाही म्हणून मला कोणी या क्रियापदाने दोष देणार नाही. माझ्या अंगणातला काढला नाही तर देईल. म्हणजे या शब्दाच्या पोटात एक निवाडा आधीच होऊन गेलेला असतो. काम कोणाचे होते हे ठरले आहे आणि ते त्याने केले नाही हेही ठरले आहे.

त्यांनी हे सारे वहीत उतरवून घेतले आणि मग शांतपणे विचारले, "ते काम त्याचे होते, हे कोण ठरवतो?"

अशा प्रश्नांना शिक्षकाजवळ एक हुकमी उत्तर असते: संदर्भावरून कळते. तेच मी दिले आणि शब्दाच्या इतिहासाकडे वळलो. इतिहास ही शिक्षकाची आवडती पळवाट आहे. हा शब्द इंग्रजीत सतराव्या शतकात दिसू लागतो तो आजच्या अर्थाने नव्हे. तेव्हा त्याचा रोख ठकबाजीकडे, दुसऱ्याच्या जिवावर जगणाऱ्या बांडगुळाकडे होता. बदमाश या अर्थाच्या एका जर्मन शब्दाशी त्याचे नाते असावे असा तर्क आहे. समुद्रातल्या शार्कशीही काही अभ्यासक ते जोडून पाहतात. कर्तव्य टाळण्याचा अर्थ त्याला चिकटला तो अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात. थोडक्यात, आज ज्याला आपण नुसता कामचुकार म्हणतो तो मूळचा परान्नपुष्ट लबाड होता. दुसऱ्याच्या ताटातले खाणारा आणि स्वतःच्या वाटचे न करणारा, या दोघांना भाषेने एकाच घरात ठेवले ही गोष्ट त्या दिवशी मी केवळ माहिती म्हणून सांगितली. तिच्याकडे पुन्हा यावे लागेल, असे तेव्हा वाटले नव्हते.

मला हा शब्द प्रथम भेटला तो येरमाळ्याला, १९८१च्या सुमारास, आठवीच्या वर्गात. ज्यांना गाव ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगायचे तर बालाघाटच्या डोंगररांगेवर, कळंब तालुक्यात, बार्शीहून लातूरकडे आणि सोलापूरहून बीडकडे जाणारे रस्ते जिथे भेटतात तिथे हे गाव आहे. जिल्हा तेव्हाचा उस्मानाबाद. २०२३ पासून धाराशिव. डोंगरावर येडेश्वरीचे देऊळ. सीतेच्या रूपात आलेल्या पार्वतीला रामाने ओळखले आणि 'वेडी आहेस' असे म्हटले, त्यावरून ती येडाई झाली, अशी कथा आमच्याकडे सांगतात. एका शब्दावरून देवीचे नाव पडावे अशा गावात शब्दांविषयी थोडी अधिक आस्था असायला हवी होती, पण आम्हा पोरांना इंग्रजी म्हणजे पाठ करायची गोष्ट होती.

आमचे इंग्रजीचे गुरुजी निवृत्तीला आलेले होते. त्यांचे स्वतःचे शिक्षण निजामाच्या राजवटीत, उर्दू माध्यमातून झालेले. सप्टेंबर १९४८ मध्ये हैदराबाद संस्थान भारतात विलीन झाले, पण मराठवाड्यातल्या त्या पिढीच्या जिभेवरून उर्दू शेवटपर्यंत गेली नाही. तलाठ्याच्या कागदांत आणि म्हाताऱ्यांच्या शिव्यांत ती राहिली, तशी गुरुजींच्या अध्यापनातही. 'शर्क' फळ्यावर लिहून त्यांनी आधी बजावले, की या शब्दाचा उच्चार 'शिर्क' असा करू नका. 'शिर्क' हा अरबी शब्द आहे. ईश्वराच्या जोडीला दुसऱ्या कोणाला बसवणे, हे इस्लाममधले सर्वांत मोठे पाप. या दोन शब्दांचा एकमेकांशी काहीही संबंध नाही. मग किंचित थांबून, जणू स्वतःशीच, ते म्हणाले, "संबंध नाही, पण दोन्हींत जे ज्याचं आहे ते त्याला द्यायचं राहून जातं." त्यानंतर त्यांनी मराठी अर्थ दिला: अंग चोरणे.

वर्गात हशा पिकला, कारण हा शब्दप्रयोग आमच्या घरोघरी रोजचा होता आणि तो माणसांपेक्षा बैलांना अधिक वापरला जाई. आमच्या जोडीतला डावा बैल अंग चोरायचा. दिसायला धिप्पाड, पण औताला जुंपला की खांदा पुरता टेकवायचाच नाही. मग जू तिरपे होई आणि सगळी ओढ उजव्यावर येई. संध्याकाळी मी अण्णांना, म्हणजे वडिलांना, मोठ्या ऐटीत सांगितले की आपल्या डाव्या बैलाला इंग्रजीत काय म्हणतात. त्यांनी तो शब्द दोनदा म्हणून पाहिला. मग ते म्हणाले, मारून उपयोग नसतो. दुसऱ्या दिवशी रानात त्यांनी काय केले ते मी पाहिले. जुवावर बांधलेला दोर त्यांनी मध्यापासून उजव्या बैलाकडे चार बोटे सरकवला. दोर ज्याच्या जवळ त्याच्यावर भार अधिक, हे मला पुढे भौतिकशास्त्रात तरफेच्या धड्यात कळले. जू सरळ चालू लागले आणि पाहणाऱ्याला वाटले असते, जोडी काय छान जमली आहे!

असो. त्या रविवारी मी माझ्या विद्यार्थ्याला बैलाची गोष्ट सांगितली नाही, पण 'अंग चोरणे' मात्र सांगितले, आणि त्याचा शब्दशः अर्थही. त्यांचा चेहरा उजळला. कोरियनमध्येही असेच आहे, असे ते म्हणाले. तिकडे 'मोमुल सारिदा' असा प्रयोग आहे. 'मोम' म्हणजे शरीर आणि 'सारिदा' म्हणजे वेटोळे करून आवरून घेणे. जिथे झोकून द्यायला हवे तिथे जो शरीर आखडून घेतो त्याच्याविषयी असे बोलतात. जबाबदारीतून सुटण्यासाठी सबबी सांगणाऱ्याला 'बालप्पेम' करतो म्हणतात, म्हणजे पाय काढून घेतो. आणि शाळा बुडवण्यासाठी पोटदुखीचे सोंग करणाऱ्या पोराच्या आजाराला तर 'क्वेब्योंग' असे स्वतंत्र नावच आहे, युक्तीचा आजार.

यानंतरचा अर्धा तास आम्ही दोघांनी अक्षरशः लहान मुलांसारखा घालवला. मी मराठी अवयव काढत गेलो. अंग चोरणे, अंग काढून घेणे, हात झटकणे, हात आखडता घेणे, पाठ फिरवणे, तोंड चुकवणे, काखा वर करणे. संस्कृतातून आलेल्या 'पराङ्मुख' या भारदस्त शब्दातही शेवटी तोंड फिरवणेच आहे. ते कोरियन अवयव काढत गेले. एकमेकांशी काडीचेही नाते नसलेल्या या दोन भाषांनी कर्तव्य टाळण्याची क्रिया मनात न ठेवता शरीरात ठेवली होती. त्यांच्यापुढे इंग्रजीतले आमचे क्रियापद फारच कोरडे वाटू लागले. त्यात हातही नाही, पायही नाही, थेट निकाल.

मराठीतल्या 'चोरणे'विषयी तेव्हा एक गोष्ट ध्यानात आली, ती भाषेच्या अभ्यासकांना रुचावी. आपण दुसऱ्याचे घेतो त्याला चोरी म्हणतो; पण अंग चोरणारा स्वतःचेच अंग चोरतो. गाय पान्हा चोरते तेव्हा ते दूध तिचेच असते आणि बहुधा वासरासाठी राखलेले असते. म्हणजे या प्रयोगांत चोरी मालकीची नसून अपेक्षेची आहे. जे माझे आहे पण ज्यावर दुसऱ्याचा हक्क निर्माण झाला आहे, ते मी मागे ठेवले. 'ते काम त्याचे होते हे कोण ठरवतो' या प्रश्नाला मराठी इतके उत्तर देऊ शकते, की जो वाट पाहत होता तो.

शिवाय 'अंग चोरून बसणे' असाही आपला एक प्रयोग आहे. परक्या घरी, संकोचाने, कमीत कमी जागा व्यापून बसणे. त्यात आळस नाही, भीती किंवा लाज आहे. इंग्रजी शिकणारी आमची मुले 'शर्क' आणि 'श्रिंक' या दोन शब्दांत हमखास घोटाळा करतात आणि आम्ही हमखास गुण कापतो. एकाचा अर्थ टाळणे, दुसऱ्याचा आक्रसणे. पण मराठी आणि कोरियन जर टाळणाऱ्याला आक्रसलेलाच पाहत असतील, तर त्या मुलांची चूक निव्वळ स्पेलिंगची असते असे म्हणवत नाही.

दुसरी एक चूक मात्र खरोखर व्याकरणाची आहे. 'काम शर्क केले' असे म्हणण्याऐवजी आमचे विद्यार्थी 'कामापासून शर्क केले' अशा धर्तीवर वाक्य रचतात. मध्ये 'फ्रॉम' घालतात. याचे कारण उघड आहे. मराठी माणूस कामापासून पळतो, कामातून अंग काढतो. पंचमीशिवाय त्याचे पलायन पूर्ण होत नाही. पंचमी ही दूर जाण्याची विभक्ती. त्यात निदान पळणारा कुठून तरी निघाला आहे, अंतर पडते आहे, असे दिसते. इंग्रजी क्रियापद अंतर मानत नाही. काम थेट कर्म म्हणून क्रियापदाला चिकटते आणि माणूस कितीही लांब गेला तरी ते सुटत नाही. हे स्पष्टीकरण मी वर्गात अनेक वर्षे देत आलो आहे. ऐकायला छान वाटते.

आता त्या वहीतल्या वाक्याकडे येतो. सगळी चर्चा झाल्यावर मी त्यांचे वाक्य तपासायला घेतले. तिथे लिहिले होते, "आय ॲम शर्किंग माय फादर."

मी लाल शाई उचलली. सांगितले, की हे क्रियापद माणसाला कर्म म्हणून घेत नाही. कर्तव्य, जबाबदारी, काम, कष्ट यांना घेते. 'फादर' खोडून मी 'माझे वडिलांविषयीचे कर्तव्य' अशी रचना करून दिली. शिवाय सांगितले, की हे क्रियापद प्रथमपुरुषी वर्तमानकाळात जवळजवळ कोणी वापरत नाही. ते तृतीयपुरुषी आहे, दुसऱ्यावर ठेवायचे. नाहीतर नकारार्थी, मृत्युलेखात शोभणारे: त्यांनी कधीही जबाबदारी टाळली नाही.

ते बराच वेळ त्या खोडलेल्या शब्दाकडे पाहत राहिले. मग त्यांनी सांगितले, की ते घरातले थोरले. कोरियात थोरल्या मुलाला 'जांगनाम' म्हणतात आणि परंपरेने आईवडिलांना सांभाळणे त्याच्याकडे येते. वडील गावी एकटे असतात. धाकटी बहीण दर आठवड्याला दोन तासांचा प्रवास करून त्यांच्याकडे जाते. "मी कर्तव्य टाळत नाही, सर," ते म्हणाले. "पैसे पाठवतो, दवाखान्याचा खर्च मी करतो, सणाला फोन करतो. कर्तव्य सगळे पूर्ण आहे. मी वडिलांना टाळतो. तुमच्या वाक्यात ते येत नाही."

मी म्हणालो, इंग्रजीत तसे म्हणत नाहीत. तास संपला होता.

इथपर्यंतची हकीकत मी सहकाऱ्यांना स्टाफरूममध्ये रंगवून सांगितली आहे. पुढची सांगितलेली नाही.

मीही घरातला थोरला. १९८६ साली येरमाळा सोडले ते शिक्षणासाठी, आणि नोकरी लागल्यावर पुण्याचाच झालो. धाकटा गावी राहिला. शेती, दोन म्हशी, अण्णा आणि माय. मायला २०१७ मध्ये अर्धांगाचा झटका आला. त्यानंतरची सात वर्षे तिची आंघोळ, तिचे जेवण, रात्री कूस बदलून देणे, हे सारे धाकट्याने आणि त्याच्या बायकोने केले. मी दर महिन्याच्या पाच तारखेला पैसे पाठवत असे. एकही महिना चुकला नाही. २०१५-१६च्या दुष्काळात, लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले त्या उन्हाळ्यात, आमच्या विंधनविहिरीला थेंब नव्हता. तेव्हा टँकरचे पैसेही मीच दिले. त्या उन्हाळ्यात मी गावी गेलो मात्र नाही. पुण्यात माझ्या घरी नळाला पाणी होते आणि तिकडे गेलो की मी पिईन तेवढे त्यांच्या वाटचे कमी होईल, असे एक चमत्कारिक कारण मी स्वतःला दिले होते. कारण खोटे नव्हते, हीच त्यातली मेख.

माय मागत असे ती एकच गोष्ट. चैत्र पौर्णिमेच्या यात्रेत येडेश्वरीची पालखी डोंगरावरून खाली आमराईकडे येते आणि लोक काळ्या रानातून चुनखडीचे पांढरे खडे वेचतात. लाखो माणसे त्या उन्हात वाकलेली असतात. आमदार असो की ऊसतोड कामगार, वाकल्याशिवाय खडा हाती येत नाही. फाल्गुन सरत आला की मायचा फोन येई. "यंदा तरी यायलास का यात्रेला?" आणि चैत्र म्हणजे विद्यापीठाच्या परीक्षांचे दिवस. "बघतो माय. पेपर आलेत तपासायला." हेही खोटे नव्हते. मराठीत 'बघतो' या क्रियापदाइतके सभ्य नकार देणारे दुसरे क्रियापद नसेल. मी एकोणीस वर्षे बघत होतो.

२०२४च्या जानेवारीत माय गेली. मी पोचलो तेव्हा अंगणात माणसे जमलेली होती आणि माझ्यासाठीच थांबलेली होती. थोरला म्हणून अग्नी मी दिला. जे काम सात वर्षे धाकट्याने केले त्याचा शेवटचा, सर्वांना दिसणारा भाग माझ्या हाती आला, आणि तो मी चोखपणे पार पाडला.

त्या चैत्रात मी यात्रेला गेलो. धाकट्याबरोबर रानात उभा राहिलो. त्याने भराभर खडे वेचले आणि ओंजळीत दोन वेगळे ढीग केले. मी विचारले तेव्हा तो म्हणाला, "माय दरसाल तुझ्या नावाचे येगळे येचायची. पाय गेल्यावर मला सांगायची, दादाचे इसरू नको. सवय झाली."

त्याच्या बोलण्यात टोमणा नव्हता. टोमणा असता तर बरे झाले असते. मला उत्तर देता आले असते. मला अण्णांचा तो दोर आठवला, उजव्या बैलाकडे चार बोटे सरकवलेला. आमच्या घराचे जू इतकी वर्षे सरळ चालले होते, कारण कोणीतरी न बोलता दोर सरकवला होता. आणि पाहणाऱ्याला जोडी छान जमलेली दिसत होती. पाहणाऱ्यांत मीही होतो.

साहित्याच्या माणसाला अशा वेळी साहित्य आठवते. ती त्याची खोड आहे. मी अनेक वर्षे कॉनरॅडची १९०० साली प्रसिद्ध झालेली 'लॉर्ड जिम' शिकवली आहे. शेकडो यात्रेकरूंना घेऊन निघालेले जहाज बुडणार असे वाटून त्यावरचा तरुण अधिकारी उडी टाकतो. जहाज बुडत नाही, आणि ती उडी त्याला जन्मभर पुरते. वर्गात मी त्या उडीवर तास घेत असे. पण जिमला निदान उडी होती. एक क्षण, एक रात्र, ज्याच्याकडे बोट दाखवता येते. आपल्याकडे १९७० साली रंगभूमीवर आलेल्या 'नटसम्राट'मधली मुलेही निदान प्रेक्षकांना दिसतील अशी चुकतात. माझ्यासारख्यांचे असे काहीच घडत नाही. आम्ही उडी मारत नाही. दरवर्षी एकेक पायरी, कारणांसह, उतरतो. म्हणून त्यावर कादंबरी होत नसावी.

यात्रेनंतर दोन दिवसांनी मी धाकट्यापुढे एक प्रस्ताव ठेवला. शेतातला माझा वाटा मी सोडतो, कळंबला जाऊन हक्कसोडपत्र करून देतो. मला हे फार उदार वाटत होते. इतक्या वर्षांचे देणे एकदाचे चुकते होईल असे मी मनात म्हणत होतो, आणि त्या क्षणी, शिक्षकाची सवय म्हणून, तो शब्द कानाला लागला. मराठीत काम चुकवतात, आणि देणे चुकते करतात. पलीकडच्या हिंदी-उर्दूत तर 'चुकाना' म्हणजे फेडणेच. गुरुजींच्या तोंडी दोन्ही भाषा होत्या. त्यांना हा खेळ कधी जाणवला असेल का, न कळे. टाळणे आणि फेडणे एकाच ध्वनीत राहतात. इतकी वर्षे मी दर पाच तारखेला चुकते करत होतो आणि नेमके त्यानेच चुकवत होतो. त्या जुन्या इंग्रजी शब्दात दुसऱ्याच्या ताटातले खाणारा आणि स्वतःचे न करणारा एकाच घरात का राहत होते, तेही आता कळले. माझ्या पुण्यातल्या निवांत रविवारांचे धान्य कुठल्या रानातून येत होते ते मला दिसले.

धाकटा गोठ्यात होता. त्याने हातातली पेंढी खाली ठेवली. "कागद कशाला दादा? हक सोडला म्हंजी अण्णा बी सुटले का?"

मी गप्प राहिलो.

"श्रावणात अण्णांच्या डोळ्याचं आपरेशन हाय बार्शीला. मला तवा सोयाबीनची फवारणी हाय. आठ दिस ऱ्हा. जमल का?"

'बघतो' हा शब्द ओठांवर आला होता. मी तो गिळला.

माझे विद्यार्थी त्याआधीच मायदेशी परतले होते. जाताना त्यांनी ती वही मला भेट दिली. कोरियन वळणाच्या सुबक अक्षरात भरलेली, माझ्या लाल खुणांसह. गावाहून परतल्यावर मी ती काढून ते पान पाहिले. 'फादर'वर मारलेली माझी रेघ तशीच होती. व्याकरणाच्या दृष्टीने ती रेघ आजही बरोबर आहे, आणि उद्या कोणा परीक्षार्थीने तसे वाक्य लिहिले तर मला गुण कापावेच लागतील. पण त्या गृहस्थांनी क्रियापद प्रथमपुरुषी वापरण्याचे जे धाडस दाखवले ते माझ्या तीस वर्षांच्या अध्यापनात एकदाही घडले नव्हते. मी त्यांना पत्र लिहून एवढेच कळवले, की तुमचे वाक्य मला समजले आहे.

श्रावणात मी बार्शीला गेलो. अण्णांच्या डोळ्यांवर पट्टी होती. दर चार तासांनी थेंब घालायचे, खाली वाकू द्यायचे नाही, रात्री पाठीवरच झोपवायचे, असे डॉक्टरांनी सांगितले होते. पहिल्या रात्री अडीचच्या सुमारास त्यांनी हात पुढे केला आणि चाचपत विचारले, "धाकटा कुठं गेला?"

"रानात गेलाय, अण्णा. फवारणी हाय. मी हाय हितं."

ते थोडा वेळ काही बोलले नाहीत. मी कोण ते त्यांना कळले होते. ते फक्त हा बदल अंगवळणी पाडून घेत असावेत.

"बरं," ते म्हणाले. "मग थेंब घालायची येळ झाली का बघ."

मी घड्याळ पाहिले. वेळ झाली होती.